पीटर टॉश 'साइड हिरो' होता म्हणे!

खडूस_कानसेन
परवा बॉब मार्लीच्या धाग्यावर सुरमयी यांनी ठोकून दिलं: "वेलर्समध्ये प्रतिभा एकाचीच. पीटर टॉश हा साइड हिरो. हेकटपणामुळे बाहेर पडला आणि हेकटपणामुळेच संपला." खाली +१ची रांग. तिथे उत्तर टंकायला घेतलं, आवरेना, म्हणून हा वेगळा धागा.

वेलर्स म्हणजे मार्ली, टॉश आणि बनी या तिघांचा जमैकातला रेगे गाणारा गट. त्यांचं 'गेट अप, स्टँड अप' मार्ली आणि टॉश या दोघांनी मिळून लिहिलंय. 'कॅच अ फायर' या रेकॉर्डमधली '४०० इयर्स' आणि 'स्टॉप दॅट ट्रेन' एकट्या टॉशची. आता १९७२ साली काय झालं ते बघा. लंडनमध्ये अडकलेल्या या तिघांच्या हातावर आयलंड रेकॉर्ड्सच्या ख्रिस ब्लॅकवेलने ४,००० पौंड ठेवले. त्यांनी जमैकाच्या राजधानीत, किंग्स्टनला जाऊन टेप भरून आणल्या. मग गोऱ्या रॉकवाल्यांच्या कानाला बरं वाटावं म्हणून त्यावर अलाबामाच्या वेन पर्किन्सची गिटार चढवली गेली. १९७३मध्ये निघालेल्या दोन्ही रेकॉर्डवर नाव होतं नुसतं 'द वेलर्स'. टॉश आणि बनी बाहेर पडल्यावर ते झालं 'बॉब मार्ली अँड द वेलर्स'. टॉशने स्वतःची रेकॉर्ड काढायची म्हटलं, ब्लॅकवेलने नाही म्हटलं. मग तो निघाला. यात हेकटपणा कोणाचा?

आणि २२ एप्रिल १९७८. किंग्स्टनच्या नॅशनल स्टेडियमवर वन लव्ह पीस कॉन्सर्ट. समोर पंतप्रधान मायकेल मॅनली, विरोधी पक्षनेता एडवर्ड सियागा. दोघांच्या पक्षांचे गुंड गल्ल्यागल्ल्यांत एकमेकांचे मुडदे पाडत होते. मार्लीने दोघांना स्टेजवर बोलावून हातात हात दिले, तो फोटो जगभर गेला. टॉशने त्याआधी त्याच दोघांची भर स्टेजवर हजेरी घेतली, गांजा ओढत. त्याचं म्हणणं वर्षभर आधीच 'इक्वल राइट्स' या रेकॉर्डमध्ये येऊन गेलं होतं: शांतता सगळ्यांना हवी, न्याय कोणी मागत नाही. सप्टेंबरमध्ये पोलिसांनी उचलून त्याला अर्धमेला होईस्तोवर मारलं. हात मोडला, डोकं फुटलं.

शांततेचं काय झालं? कार्यक्रम घडवून आणणाऱ्या दोन टोळीप्रमुखांपैकी क्लॉडी मॅसप पुढच्या फेब्रुवारीत पोलिसांच्या गोळ्यांनी मेला, बकी मार्शल १९८०मध्ये न्यूयॉर्कला. त्या वर्षीच्या निवडणुकीत शेकडो माणसं मेली. फोटो मात्र अजून टीशर्टवर विकला जातोय.

सुरमयी
माझं एक वाक्य, तुमचा अख्खा निबंध. धन्य.

'न्याय' म्हणता ना? १८ एप्रिल १९८०, झिम्बाब्वेच्या स्वातंत्र्याचा सोहळा. तिथे पदरचे पैसे घालून गेला तो मार्ली. अश्रुधूर सुटला, तरी परत स्टेजवर आला. तुमचे न्यायमूर्ती तेव्हा कुठे होते? रोलिंग स्टोन्स या गोऱ्या रॉक बँडच्या कंपनीत. मिक जॅगरबरोबर प्रेमाचं जुनं गाणं गाऊन पहिलं मोठं हिट मिळवलं. गोऱ्यांच्या कानाला बरं वाटण्याची तक्रार तिथे कुठे गेली? त्याच स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सने जमैकातलं घर राहायला दिलं, तर साहेब निघायला तयार नाहीत. याला आमच्याकडे हेकटच म्हणतात.

आणि ज्या गाण्यावर त्याची सगळी 'धारदार' प्रतिमा उभी आहे, ते 'स्टेपिंग रेझर' त्याचं नाहीच. जो हिग्जचं आहे.

ग्रामोफोन_काका
जो हिग्जचं नाव कोणीतरी घेतलं, आनंद झाला. या तिन्ही पोरांना सुरात गायला त्याने शिकवलं, स्वतःच्या अंगणात, फुकट. बनीने अमेरिकेला जायला नकार दिला तेव्हा त्याच्या जागी तोच उभा राहिला. त्याच्यावर धागा का नाही? आपल्याकडेही असंच. साथीदाराचं नाव कव्हरवर शोधायला भिंग लागतं. मी बारा गावचं पाणी प्यायलेला तबलजी आहे. एका नामवंत गायकाच्या रेकॉर्डवर माझं नाव नाही, मानधनाचं पाकीटही अजून यायचंय.

मिडलंड्सकर
मी बर्मिंगहॅमला बस चालवायचो, आता निवृत्त. डेपोत निम्मे जमैकन, निम्मे पंजाबी, मी एकटा कोल्हापूरचा. कॅन्टीनमध्ये मार्ली लागला की सगळे डोलायचे. टॉश लागला की एक जमैकातल्या वेस्टमोरलंडचा म्हातारा चहा खाली ठेवायचा. टॉशही तिकडचाच, ग्रेंज हिलचा. म्हातारा म्हणायचा, बॉबचं गाणं ऐकून गोरा सुपरवायझर माझ्याशी हात मिळवतो, पीटरचं ऐकून विचारतो की तुला काय त्रास आहे. सुरमयीताई, यावर काय ते ठरवा.

सुरमयी
तुमच्या कॅन्टीनमधल्या म्हाताऱ्यावर मी काय ठरवू?

हणजूणचो
मार्ली असो नाहीतर टॉश, आमच्या किनाऱ्यावर दोघांचा मिळून एकच अर्थ उरलाय, गांजा. शॅकवर लाल-पिवळा-हिरवा बावटा, त्यावर मार्लीचं तोंड, खाली पुण्या-मुंबईची पोरं डोळे तांबडे करून पडलेली. एकाला विचारलं, मार्लीची वस्ती ट्रेंचटाऊन कुठं रे? म्हणाला, बागा रोडला नवीन कॅफे? आणि रात्री पोलीस येतात तेव्हा उचलतात कोणाला? आमच्या गावच्या पोराला, गिऱ्हाईक म्हणून आलेल्याला नाही. माझा भाचा असाच गेला. वर्ष फुकट गेलं त्याचं.

वकील_नांदेडकर
हणजूणकर, भाच्याकडे किती सापडला होता? १९८५च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा एक किलोपर्यंत 'अल्प मात्रा', शिक्षा जास्तीत जास्त एक वर्ष. वीस किलोच्या वर 'व्यापारी मात्रा', मग जामीन विसरा. त्याच कायद्यात झाडाचा शेंडा म्हणजे गांजा, नुसती पानं नव्हेत. म्हणून काही राज्यांत भांग सरकारमान्य दुकानात मिळते. मी असे खटले रोज बघतो. आत जाणारा पोरगा नेहमी शेवटच्या बाकावरचा असतो.

आणि विषय निघालाच आहे तर, टॉशने १९७६मध्ये 'लीगलाइझ इट' काढलं तेव्हा त्याच्याच देशात ते रेडिओवर बंद होतं. जमैकाने दोन औंसांपर्यंतचा गांजा गुन्ह्यांच्या यादीतून काढला २०१५मध्ये. मार्लीने या विषयावर इतकं उघड गाणं केलं का?

तिखटजाळ
आणि तो गांजा तिकडे नेला कोणी? आपण! १८४५मध्ये पहिलं जहाज मजूर घेऊन जमैकाला लागलं. रेगेचा अर्धा प्राणवायू आपला. अभिमान वाटला पाहिजे.

मिडलंड्सकर
'आपण' कोण? ते करारावर नेलेले मजूर बहुतेक पूर्व उत्तर प्रदेश आणि बिहारचे, उसाच्या मळ्यांवर राबायला. वेस्टमोरलंडमध्ये त्यांचे वंशज आजही आहेत. त्यांच्या घामावर सातारा-कोल्हापूरने कॉलर ताठ करायची गरज नाही.

तिखटजाळ
बरं बाबा, भारतीय म्हणतो. चालेल ना? की त्यालाही व्हिसा लागतो?

आजीबाईंचा_बटवा
इथे गांजाचं कौतुक चाललंय आणि कोणालाच लाज नाही? माझ्या शेजारच्या घरात मुलगा याच नादाने बसला आहे. आई रात्री दारात उभी असते. न्याय, समता, सगळं ठीक, पण कलाकाराने पोरांसमोर चिलीम नाचवायची कशाला?

वकील_नांदेडकर
आजी, मग टॉशच्याच घरातलं ऐका. त्याचा मुलगा जवारा, तोही गायक. न्यू जर्सीत गांजासकट पकडला गेला. २०१७मध्ये तुरुंगात असताना दुसऱ्या कैद्याने मारलं, मेंदूला इजा झाली, २०२०च्या जुलैमध्ये गेला. त्याच नोव्हेंबरमध्ये त्या राज्यातल्या मतदारांनी गांजा कायदेशीर करायच्या बाजूने कौल दिला. तुमच्या शेजारच्या मुलाला डॉक्टर हवा. कोठडीने त्याचं काय भलं होणार आहे?

आजीबाईंचा_बटवा
डॉक्टरकडे नेणार कोण, तुम्ही?

हणजूणचो
वकीलसाहेब, भाच्याकडे किलोच्या खूप खाली होता. तरी वर्ष गेलंच. तारखा, जामीनदार, पासपोर्ट अडकला, जहाजावरची नोकरी गेली. तुमची 'अल्प मात्रा' कागदावर.

खडूस_कानसेन
मंडळी, हा धागा टॉशवर आहे. भांगेचं दुकान दुसरीकडे लावा.

सुरमयी, झिम्बाब्वे मान्य. तुम्ही म्हणताय म्हणून नव्हे, ते खरंच मोठं होतं. पण दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाच्या राजवटीचं नाव घेऊन टॉशने 'अपार्थाइड' गायलं १९७७मध्ये. त्याच वर्षी मार्लीच्या 'एक्झोडस' या रेकॉर्डची दुसरी बाजू बघा, निम्मी प्रेमगीतं. मला ती आवडतात. पण 'प्रतिभा एकाचीच' हे ठरवलं कोणी? १९८४मध्ये निघालेल्या 'लेजेंड' नावाच्या निवडक गाण्यांच्या रेकॉर्डने. कोट्यवधी खपली, आणि तिच्यात कोणाला बोचेल असं फारसं काही राहू दिलं नाही. तुमचं मत त्या रेकॉर्डचं आहे, मार्लीचंसुद्धा नाही.

सुरमयी
माझ्या घरी मार्लीच्या आयलंडवरच्या सगळ्या रेकॉर्ड आहेत, काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून एकेक करून घेतलेल्या. माझं मत कुठून आलं ते मला शिकवू नका. 'त्यांना कळत नाही, त्यांना सोपं आवडतं' हे पुरुषांकडून ऐकत आले आहे, बाई रेकॉर्ड घेऊन काउंटरवर आली की हमखास.

ग्रामोफोन_काका
आता भांडू नका. टॉशचा शेवट आठवा. ११ सप्टेंबर १९८७, किंग्स्टनमधलं त्याचं घर. लेप्पो लोबन, तुरुंगातून सुटल्यावर टॉशनेच ज्याला मदत केली होती, तो दोन साथीदार घेऊन पैसे मागायला आला. तिघं मेले, त्यात टॉश आणि रेडिओवरचा फ्री आय डिक्सन. ड्रमर सँटा डेव्हिस गोळी लागूनही वाचला. टॉश अवघा ४२ वर्षांचा. पुढच्या वर्षी ग्रॅमी दिलं, देशाने ऑर्डर ऑफ मेरिट द्यायला २०१२ उजाडलं. मार्लीला ते जिवंतपणी मिळालं होतं. मेल्यावर का होईना, टॉशला मिळालं. माझं पाकीट अजून नाही.

सुरमयी
'संपला' हा शब्द मागे घेते, ज्याला गोळ्या घातल्या त्याच्याबद्दल तो बरा दिसत नाही. 'हेकट' ठेवते. आज 'इक्वल राइट्स' पुन्हा ऐकली. 'डाऊनप्रेसर मॅन' जबरदस्त आहे, बास ऐकून शेजारच्यांनी बेल वाजवली. साइड हिरो नव्हता, चला. मार्ली तरीही वरचढ. खडूसराव, जेवा आता.

खडूस_कानसेन
बास रॉबी शेक्सपिअरचा आहे. त्याचंही नाव कव्हरवर बारीकच.

तिखटजाळ
वकीलसाहेब, एक शंका. पानं चालतात, शेंडा नाही. मग अख्खं झाड कुंडीत असेल तर?

वकील_नांदेडकर
लागवड हा वेगळा गुन्हा आहे. कुंडी आतच असू दे आणि असले प्रश्न जाहीर विचारू नकोस.