शब्दचर्चा : ‘लागणे’चा थांग यंत्राला कसा लागावा?

खूणगाठ

मराठी वाक्यांतल्या क्रियापदांना अर्थाचे क्रमांक द्यायचं काम सध्या करते आहे. वाक्य समोर येतं, क्रियापद ठळक केलेलं असतं, खाली अर्थांची यादी असते. त्यातला एक निवडायचा आणि पुढे जायचं. अशा खुणा केलेल्या वाक्यांवरून मग यंत्राला शिकवणार. ‘पळणे’, ‘शिजणे’ भराभर उरकतात. ‘लागणे’ आलं की गाडी अडते. नमुन्यादाखल:

मला चहा लागतो. मला दगड लागला. तो माझा मामा लागतो. भाजी बुडाला लागली. फोन लागत नाही. जरा डोळा लागला होता. पाऊस पडू लागला. मला जावं लागलं. आंबे लागलेत (झाडाला, की पेटीतले डागाळलेत?). आणि माझी विशेष डोकेदुखी: ‘विहिरीला पाणी लागलं’ आणि ‘तिला तिकडचं पाणी लागलं’.

यादीत ‘स्पर्श होणे’, ‘आवश्यक असणे’, ‘सुरू होणे’ वगैरे आहेत. ‘वाटणे, भासणे’ हाही अर्थ आहे, पण मराठीत ‘गोड लागतं’, ‘कडू लागतं’ यापलीकडे मला तो सापडला नाही. यादी हिंदीतल्या ‘लगना’वरून उतरवलेली असावी असा दाट संशय आहे. तीच वाक्यं दुसरी एक ताई स्वतंत्रपणे तपासते. बाकी क्रियापदांवर आमचं चांगलं जुळतं, इथे वरचेवर फाटे फुटतात.

तर, अर्थ नेमके किती धरावेत? आणि यंत्राला या यादीचा खरंच उपयोग असतो का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

कोशातला किडा

किती धराल तितके. कोशकार माणसासाठी लिहितो. वाचकाला अडलेला प्रयोग सापडला पाहिजे एवढंच त्याचं बघणं असतं, म्हणून तो अर्थ सुटे करत जातो. मोल्सवर्थचा कोश (१८३१, सुधारित आवृत्ती १८५७) किंवा दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ (१९३२ पासून) उघडून ‘लागणे’ची नोंद बघा, वाचता वाचता दम लागेल. (हा आणखी एक अर्थ.)

माझं मत विचाराल तर मूळ अर्थ एकच: संपर्क. दगड अंगाला भिडला, भाजी भांड्याला चिकटली, फोन जोडला गेला, मामा नात्याने जोडलेला. बाकी सगळ्या फांद्या.

इंग्रजी कोशरचनेत आणि भाषासंगणनात हयात घालवलेल्या ॲडम किल्गॅरिफ यांनी १९९७ मध्ये ‘शब्दार्थ या गोष्टीवर माझा विश्वास नाही’ अशा शीर्षकाचा लेख लिहिला होता. त्यांचं म्हणणं असं की भाषेत असतात ते प्रयोग. त्यांचे ढीग आपण आपल्या कामापुरते करतो, काम बदललं की ढीगही बदलतात. गंमत म्हणजे पुढच्याच वर्षी, १९९८ मध्ये, शब्दाचा योग्य अर्थ कोणतं यंत्र ओळखतं हे तपासणारी ‘सेन्सेव्हल’ ही पहिली स्पर्धा भरली, ती त्यांच्याच पुढाकाराने. विश्वास नसलेल्या देवाची पालखी वाहिली म्हणा.

विभक्त

कोशातला किडा, ‘संपर्क’ ऐकायला छान आहे, पण ‘जावं लागलं’मध्ये कशाचा संपर्क कशाशी? शब्दाच्या पोटात शिरण्याआधी वाक्याची रचना बघावी, निम्मा गोंधळ तिथेच मिटतो. ही दोन वाक्यं घ्या:

तो बोलायला लागला.
त्याला बोलायला लागलं.

पहिल्यात सुरुवात आहे, दुसऱ्यात सक्ती. क्रियापद तेच, ‘बोलायला’ तेच. फरक पडतो तो ‘त्या’ला लागलेल्या ‘ला’ने, आणि त्यामुळे क्रियापद नपुंसकलिंगी झाल्याने. हा निर्णय यंत्राला दोन ओळींच्या नियमात देता येतो, त्यासाठी लाखो वाक्यं वाचवायला नकोत. तसंच ‘-ऊ लागणे’ म्हणजे आरंभ, ‘-वं लागणे’ म्हणजे सक्ती. हे सहायक प्रयोग अर्थांच्या यादीत घालूच नयेत, व्याकरणाच्या खात्यात टाकावेत.

काळही बोलतो. ‘मला लागतं’ म्हणजे गरज, नुसतं ‘मला लागलं’ म्हणजे इजा. भूतकाळात गरज सांगायची तर काय लागलं ते बोलावं लागतं: ‘मला दोनशे रुपये लागले’.

भारतीय भाषांसाठी हा मार्ग आयआयटी कानपूरच्या ‘अक्षर भारती’ गटाने घेतला. पाणिनीचा कारकविचार धरून त्यांनी चौकट बांधली आणि १९९५ मध्ये ती पुस्तकरूपाने मांडली. क्रियापद मधोमध, प्रत्येक नामाचं त्याच्याशी नातं काय, हा मुख्य प्रश्न. त्या पद्धतीने खुणा करताना कर्त्याला क१, कर्माला क२ अशी चिन्हं देतात. ‘मला भूक लागली’मध्ये क१ कोण? ‘मी’ नव्हे, ‘भूक’. ती स्त्रीलिंगी म्हणून क्रियापद ‘लागली’. आणि ‘मला’ला वेगळी खूण आहे: अनुभवकर्ता. इंग्रजी व्याकरणाच्या साच्यात हे वाक्य बसवताना होणारी ओढाताण इथे होत नाही.

अवांतर: ‘नासाने संस्कृतला संगणकाची सर्वोत्तम भाषा ठरवलं’ हे व्हॉट्सॲपवरचं पिल्लू १९८५ मधल्या रिक ब्रिग्ज यांच्या लेखावरून सुटलं आहे. शास्त्रीय संस्कृतात वाक्याची फोड करून अर्थ सांगायची जी रीत आहे, ती संगणकात ज्ञान मांडायच्या रीतीशी जुळते, एवढाच त्याचा मुद्दा. संस्कृतात प्रोग्राम लिहा असं त्यात कुठेही नाही.

खूणगाठ

विभक्त, ‘ला’चा नियम पटला, पण दोन शंका. ‘बाळ बोलायला लागलं’मध्ये बाळ आधीच नपुंसकलिंगी. वाक्यात कर्ता गाळून नुसतं ‘शेवटी बोलायला लागलं’ असेल तर? माझ्याकडे कथासंवाद खूप येतात, त्यात कर्ता निम्म्या वेळा गायब. शिवाय छापील मजकुरात ‘लागलं’चं ‘लागले’ होतं, मग ‘पोलीस बोलायला लागले’ आणि ‘पोलिसांना बोलायला लागले’ यांत क्रियापदाकडून काहीच कळत नाही.

आणि पाण्याचं काय? ‘विहिरीला’ आणि ‘तिला’, दोन्हीकडे ‘ला’. पाणी दोन्हीकडे. विहीर स्त्रीलिंगी, तीही स्त्रीलिंगी. व्याकरण शंभर टक्के सारखं.

विदागार

पाण्याच्या प्रश्नात तुम्ही या विषयाच्या फार जुन्या जखमेवर बोट ठेवलंत.

७ जानेवारी १९५४ रोजी जॉर्जटाउन विद्यापीठ आणि आयबीएमने रशियनमधून इंग्रजीत भाषांतर करणारं यंत्र न्यूयॉर्कमध्ये दाखवलं. शब्दसंग्रह २५० शब्दांचा, नियम सहा, वाक्यं साठेक आणि तीही आधी निवडून ठेवलेली. तीन ते पाच वर्षांत प्रश्न सुटेल असं बोललं गेलं. त्यावर येहोशुआ बार-हिलेल यांनी १९६० मध्ये एक साधं वाक्य पुढे केलं: ‘द बॉक्स वॉज इन द पेन’. पेन म्हणजे लेखणी, आणि पेन म्हणजे लहान मुलाला खेळायचं कठड्याचं कुंपणही. खोका लेखणीत मावत नाही हे व्याकरण सांगत नाही आणि शब्दकोशही सांगत नाही, ते जग सांगतं. यंत्राला जग कुठून देणार? विहीर आजारी पडत नाही आणि बाईला कोणी खणत नाही, हे ज्ञान त्याच जातीचं. १९६६ मध्ये अमेरिकेत या कामाचा आढावा घेणाऱ्या अल्पॅक समितीचा प्रतिकूल अहवाल आला आणि यांत्रिक भाषांतराचा सरकारी पैसा आटला.

पुढची वाट अशी की जग देता येत नसेल, तर निदान शेजार द्यावा. शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून होते, हे भाषावैज्ञानिक फर्थ यांनी १९५७ मध्येच म्हटलं होतं. १९८६ मध्ये मायकेल लेस्क यांनी सोपी युक्ती काढली: प्रत्येक अर्थाची कोशातली व्याख्या घ्या, वाक्यातल्या शेजारी शब्दांच्या व्याख्या घ्या, कुठे जास्त शब्द सामाईक ते मोजा. ‘खणताना पाण्याचा झरा सापडणे’ आणि ‘विहीर: पाण्यासाठी जमिनीत खणलेला खड्डा’ यांत ‘खण’ सामाईक, झालं काम. मराठीत मात्र पहिल्याच पायरीला पाय घसरतो. वाक्यात ‘विहीर’ नसते, ‘विहिरीला’ असतं. व्याख्येत ‘खणताना’ असतं, दुसरीकडे ‘खणलेला’. आधी सामान्यरूप उलगडून मूळ शब्द काढला नाही तर यंत्राला एकही सामाईक शब्द दिसत नाही.

मग यारोव्स्की, १९९५. त्यांचं उदाहरण इंग्रजीतल्या ‘प्लांट’चं: रोपटं की कारखाना? प्रत्येक अर्थाला एकेक खात्रीचा शेजारी शब्द द्यायचा, त्यावरून काही वाक्यं सुटतात, सुटलेल्या वाक्यांतून नवे शेजारी कळतात, त्यांवरून आणखी वाक्यं. खूणगाठ, हे तुम्हाला थेट वापरता येईल. एका बाजूला ‘विहीर, बोअर, फूट’, दुसऱ्या बाजूला ‘आजारी, सोसत, बदललं’ एवढ्यावर सुरुवात करा. माणसाने वाक्यागणिक क्रमांक देण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं, आणि माझ्या मते मराठीसारख्या कमी डेटाच्या भाषेत या पद्धतीकडे विनाकारण दुर्लक्ष झालं.

२०१३ मध्ये वर्ड-टू-व्हेक आलं. शेजारावरूनच प्रत्येक शब्दाला शेकडो आकड्यांची एक रांग. पण एका शब्दरूपाला एकच रांग, त्यामुळे ‘लागला’ची रांग म्हणजे दगड, दिवा, फोन, डोळा, निकाल सगळ्यांची मिसळ. २०१८ मधल्या बर्ट या भाषा-मॉडेलने हे बदललं: त्याच शब्दाची रांग प्रत्येक वाक्यात वेगळी. पाण्याची दोन वाक्यं तिथे आपोआप लांब जायला हवीत, जातातही, जर मॉडेलने पुरेसं मराठी वाचलेलं असेल तर.

आता एक गोष्ट जवळून दाखवतो, कारण ती अजूनही लोकांना नडते. शंभरावर भाषांच्या त्या पहिल्या बर्टची एक आवृत्ती कॅपिटल-स्मॉल भेद पुसणारी होती. ती मजकूर वाचायच्या आधी अक्षरांवरची ‘चिन्हं’ काढून टाकते. फ्रेंचसाठी ते खपून जातं. देवनागरीत उकार, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त ही त्याच वर्गात मोडतात, काना-वेलांटी मोडत नाहीत. म्हणून ‘फूल’चं ‘फल’ होतं, ‘सून’ची ‘सन’, ‘कुत्रा’चं ‘कतरा’. आणि आपल्या विषयापुरतं: ‘पडू लागला’ आत जाताना ‘पड लागला’ होतो, म्हणजे विभक्त यांचा आरंभदर्शक ‘-ऊ’ दारातच गळाला. ‘लागले’, ‘लागलं’ दोन्ही ‘लागल’. नाव जवळपास तेच म्हणून ही आवृत्ती मराठीसाठी उचलली आणि निकाल वाईट आले की दोष मराठीच्या ‘अवघडपणा’ला! भेद राखणारी आवृत्ती घ्यावी, नाहीतर पुण्याच्या एल-थ्री-क्यूब गटाचं महाबर्ट आहे, ते मराठी मजकुरावरच वाढवलेलं आहे.

रापण

कोशातला किडा यांच्या ‘संपर्का’ला कोकणीतून एक टेकू. गोव्यात ‘म्हजेलागीं पयशे नात’ म्हणजे माझ्याजवळ पैसे नाहीत. ‘लागीं’ म्हणजे जवळ. जुन्या मराठीत ‘तुजलागी’ म्हणजे तुला, तुझ्यासाठी. आपल्या ‘लागून’, ‘लगत’मध्येही तोच शेजार आहे. बाकी संगणकातलं आपल्याला काही कळत नाही.

विभक्त

विदागार, पुढचं ऐकायला आवडेल, पण ‘आपोआप लांब जायला हवीत’ हे मोघम आहे. रांगा लांब गेल्या हे तपासायला कुणीतरी आधी ‘हे दोन अर्थ वेगळे’ असं म्हणावंच लागतं. तो कुणीतरी म्हणजे खूणगाठ. त्यामुळे त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो, उपयोग आहे’ असंच आहे. शिकवायला कमी, परीक्षा घ्यायला जास्त.

यादीबद्दल: आयआयटी मुंबईचं मराठी शब्दजाल (वर्डनेट, म्हणजे शब्द अर्थांनी एकमेकांना जोडून ठेवणारा संगणकीय कोश) हिंदी शब्दजालावरून विस्तारत नेलेलं आहे. त्यामुळे एका भाषेतला अर्थसंच (एकाच अर्थाच्या शब्दांचा गट) दुसऱ्या भाषेतल्या अर्थसंचाला आयता जोडलेला मिळतो, आणि भाषांतरासाठी ते फार मोलाचं आहे. पण उसन्या यादीवर फक्त मराठीचं अर्थभेदाचं काम करायचं तर आधी चाळणी हवी. ‘मुझे लगता है’ला आपल्याकडे ‘वाटतं’ आहे, तो खण रिकामाच राहणार.

विदागार

मान्य. दुसऱ्या ताईंशी किती जुळतं हे मोजताना नुसती टक्केवारी मात्र धरू नका. समजा बहुतेक वाक्यं ‘जावं लागलं’ छापाची असली, तर दोघींनी डोळे मिटून ‘सक्ती’ लिहिलं तरी आकडा झकास दिसेल. योगायोगाने जुळलेला भाग वजा करणारं कोहेन यांचं कापा हे माप १९६० पासून आहे, ते लावा.

आणि यादीच नको असेल तर २०१९ पासून आणखी एक पद्धत रूढ झाली आहे. क्रमांक विचारायचाच नाही. एकाच शब्दाची दोन वाक्यं दाखवायची आणि विचारायचं: अर्थ तोच, की वेगळा? ढीग किती करायचे हा किल्गॅरिफ यांचा प्रश्न मग नंतरचा.

खूणगाठ

वरिष्ठांना विचारून थोड्या वाक्यांवर करून बघितलं. सहायक प्रयोग आधी बाजूला काढले, त्याने खरंच हायसं वाटलं. पाण्याची वाक्यं: दोघींचंही ‘वेगळा’. ‘आंबे लागलेत’ला आम्ही ‘संदर्भ अपुरा’ असा पर्याय मागून घेतला. अडलो ते अनपेक्षित जागी: ‘मला चहा लागतो’ आणि ‘मला दोन तास लागतात’. मी म्हणते तोच अर्थ, ताई म्हणते वेगळा.

कोशातला किडा

तोच. गरज.

विभक्त

वेगळा. कसोटी सोपी आहे. वेळेच्या वाक्यातून माणूस काढता येतो: ‘पुण्याला जायला तीन तास लागतात’. ‘चहा लागतो’ म्हटलं की ‘कुणाला?’ हा प्रश्न उरतोच. शिवाय वेळेबरोबर ‘-आयला’ येतं, चहाबरोबर येत नाही.

रापण

‘पोहे करायला कांदा लागतो.’