नियोस्टिग्मिन की सुगामाडेक्स? स्वस्तातल्या इंजेक्शनवर अजून किती दिवस भागवायचं?

भूलवाली:
मी तालुक्याच्या गावी भूल देते, चार-पाच नर्सिंग होममध्ये फिरते. गेल्या आठवड्यात एका बाईंचं पित्ताशय दुर्बिणीतून काढलं. स्नायू सैल करणाऱ्या रोक्युरोनियमचा शेवटचा डोस देऊन वीसच मिनिटं झाली होती आणि सर्जन मोकळे झाले. त्यावर उतारा म्हणून नेहमीचं स्वस्तातलं नियोस्टिग्मिन, आणि त्याने नाडी उतरू नये म्हणून सोबत ग्लायकोपायरोलेट दिलं, बाईंनी डोळे उघडले, श्वासाची ट्यूब काढली. पुढचा पाऊण तास मी त्यांची हनुवटी वर धरून उभी होते. हात सोडला की घशात घुरघुर आणि सॅच्युरेशन ८८. बोलायचं होतं त्यांना, पण जीभ वळेना. नुसतं डोळ्यांतून पाणी.

नियोस्टिग्मिन रोक्युरोनियमला हातही लावत नाही. ॲसिटिलकोलीन (नसेचा निरोप स्नायूला देणारं रसायन) मोडणारं एन्झाइम ते अडवतं, म्हणजे ॲसिटिलकोलीन साठतं आणि रोक्युरोनियमला स्नायूवरच्या रिसेप्टरवरून, म्हणजे निरोप घेणाऱ्या जागेवरून, ढकलतं. एन्झाइम पुरतं अडलं की वरून कितीही डोस द्या, काही फरक पडत नाही. दुसरा, महागडा उतारा म्हणजे सुगामाडेक्स. ते रोक्युरोनियमचा रेणूच आपल्या पोकळीत ओढून घेतं. किलोला २ मिलिग्रॅम, स्नायू फारच सैल असतील तर ४, आणि दोन-तीन मिनिटांत पेशंट ताकदीवर. युरोपात ते २००८ पासून आहे, अमेरिकेत २०१५ पासून. आता भारतीय कंपन्यांचंही मिळतं. जिथे रोक्युरोनियम, तिथे सुगामाडेक्स हवंच, असं माझं ठाम मत आहे.

जुना_रेसिडेंट:
मॅडम, मला हे पटत नाही. टीओएफ (नसेला चार झटके देऊन स्नायूचा प्रतिसाद मोजतात तो) किती होता? वीस मिनिटांत रिव्हर्सल (उतारा) दिलंत, म्हणजे ब्लॉक, स्नायूंचा सैलपणा, बराच शिल्लक असणार. तिथे नियोस्टिग्मिन अपुरं पडणारच. शिवाय त्याचा पूर्ण असर यायला दहाएक मिनिटं लागतात, तेवढं थांबलात का?

अमेरिकन भूलतज्ज्ञांच्या सोसायटीच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचना बघा. अंगठ्याच्या स्नायूवर मोजा, चौथ्या झटक्याच्या प्रतिसादाचं पहिल्याशी गुणोत्तर ०.९ झाल्याशिवाय ट्यूब काढू नका, असं त्यात आहे. खोल ब्लॉकला त्यांनीही सुगामाडेक्सच सांगितलंय, ते मान्य. पण गुणोत्तर ०.४ च्या वर आलं असेल तर नियोस्टिग्मिनही चालतं. पाच सेकंद डोकं उचललं म्हणून पेशंट सुटला, हे आम्हाला शिकवलेलं खोटं ठरलंय. न मोजता सुगामाडेक्स दिलंत तर डोस २ चा की ४ चा, हे कशावरून ठरवणार? आधी हे मोजणारा मॉनिटर घ्या.

कोकणकडा:
आमच्याकडे बहुतेक पेशंट सरकारी योजनेतले. पॅकेज ठरलेलं, त्यांच्याकडून वरचे पैसे घेता येत नाहीत. मी रोक्युरोनियमऐवजी ॲट्राक्युरियम हे स्नायू सैल करणारं औषध वापरतो. ते रक्तात आपोआप विघटित होतं, किडनी-लिव्हरवर अवलंबून नाही. सुगामाडेक्स त्याच्यावर चालतही नाही, ते फक्त रोक्युरोनियम आणि त्याच्याच जातीच्या व्हेक्युरोनियमपुरतं. आणि ते किडनीवाटे बाहेर पडतं, त्यामुळे क्रिएटिनिन क्लिअरन्स (किडनी किती काम करते त्याचं माप) ३० च्या खाली असेल तर उत्पादकच नको म्हणतात. ॲनाफिलॅक्सिस (जिवावर बेतणारी ॲलर्जी) आणि एकदम नाडी उतरणं, हेही विसरू नका.

पेशंटच्या_बाजूने:
मी डॉक्टर नाही. हर्नियाच्या ऑपरेशननंतर मी जागी झाले, सगळं ऐकू येत होतं. "मोठा श्वास घ्या, घ्या ना," असं कुणीतरी ओरडत होतं. मी घेतच होते, छाती हलत नव्हती. मेले असं वाटलं. नंतर म्हणाले, "भूल थोडी राहिली होती." थोडी! कुठलं औषध महाग ते मला नका सांगू. आधी विचारलं असतं तर मी बांगडी मोडून पैसे दिले असते.

भूलवाली:
ताई, तुमचं वाचून हात थरथरला.

सर, मोजलं नव्हतं. दहा मिनिटं थांबलेही नाही, पुढची केस टेबलावर यायची होती. चूक माझी. मॉनिटरसाठी दोन ठिकाणी बोलले आहे. पण सुगामाडेक्सचा आग्रह सोडत नाही. रोक्युरोनियम दिलं आणि ट्यूबही जात नाही, मास्कनेही हवा जात नाही, अशा वेळी किलोला १६ मिलिग्रॅम हाताशी असेल तर निदान स्नायूंची ताकद तरी परत आणता येते. तिथे नियोस्टिग्मिन काय करणार? कोकणकडा, तुमचं ॲट्राक्युरियम त्या घडीला काय करणार? आणि एक सगळ्यांसाठी: गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बाईला सुगामाडेक्स दिलं तर पुढचे सात दिवस दुसरा उपाय वापरायला सांगा. हे सांगायचं हमखास राहतं.

जुना_रेसिडेंट:
अशी वेळ येते, नाही म्हणत नाही. त्यासाठी ऑपरेशन थिएटरमध्ये सुगामाडेक्सचा साठा ठेवा. रोजच्या केसला मात्र मॉनिटर आधी, यावर मी ठाम आहे.

भूलवाली:
त्या बाई उद्या टाके काढायला येणार आहेत. त्या पाऊण तासात त्यांना काय होत होतं आणि का, ते मी स्वतः त्यांच्यासमोर बसून सांगणार आहे.