मेलखालची ‘गोपनीय’ सूचना: यादी भलतीकडे गेली तर उपयोग किती?

शेतकरी_कंपनी_दारव्हा
तूर-हरभऱ्याच्या हमीभाव खरेदीची नोंदणी सुरू झाली की शेतकरी उत्पादक कंपनीकडे सातबारा, आधार, पासबुकाच्या झेरॉक्स गोळा होतात. त्यांची एक्सेल यादी मेलनं वर जाते अन् गावनिहाय यादी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडते. मेलखाली इंग्रजीत लांबलचक सूचना आपोआप लागते: मजकूर गोपनीय आहे, चुकून मिळाला तर नष्ट करा, नाहीतर कारवाई. संचालक मंडळ तेवढ्यावर निर्धास्त आहे. यादी एखाद्या व्यापाऱ्याकडे गेली तर ही सूचना त्याला बांधते काय? व्हॉट्सअ‍ॅपवरही तसंच लिहावं काय?

वकील_वरूड
बांधत नाही. १८७२ च्या करार कायद्यात प्रस्ताव लागतो आणि त्याचा स्वीकारही लागतो. ज्यानं काही मागितलं नाही, कबूल केलं नाही, त्याच्यावर तुमच्या एकतर्फी ओळी जबाबदारी टाकू शकत नाहीत. तो गप्प राहिला म्हणजे त्यानं मान्य केलं, असंही होत नाही.

तरी सूचना अगदीच वाया नाही. वाचून, समजून माहिती वापरली तर पुढं त्याला ‘मला माहीतच नव्हतं’ म्हणणं जड जाते. पण त्यासाठी ती वाचली गेली पाहिजे. तुमची सूचना तळाशी, इंग्रजीत, अन् सभेच्या चहापाण्याच्या मेललाही तीच! उत्तर-प्रत्युत्तरात जीमेल असा मजकूर तीन टिंबांमागं दडवतो. ज्या मेलमध्ये सभासदांची माहिती आहे फक्त त्यालाच, पहिल्याच ओळीत, मराठीत लिहा: “सोबत सभासदांची बँक व आधार माहिती आहे. हा मेल आपल्यासाठी नसेल तर फाइल उघडू नका, मेल काढून टाका आणि या नंबरवर कळवा.” कारवाईची धमकी नको. धमकी वाचून माणूस फोन करत नाही, अन् आपल्याला त्याचा फोनच हवा असतो.

ऑपरेटर, हिशोबनीस यांच्याशी मात्र लेखी करार करा. करारानं हाती आलेली वैयक्तिक माहिती जाणूनबुजून फोडून कुणाचं नुकसान केलं, तर माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ७२अ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. ज्याच्याशी करारच नाही अशा व्यापाऱ्याला हे कलम लागत नाही.

कंपनीची जबाबदारीही सूचनेनं उतरत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. बहुतेक जबाबदाऱ्या तिथून १८ महिन्यांनी लागू होतात. मग माहिती फुटली की सरकारच्या डेटा संरक्षण मंडळालाही कळवायचं अन् ज्याची माहिती गेली त्या प्रत्येकाला.

सेवाकेंद्र_मूल
खरं काम फाइलमध्ये आहे भाऊ. एक्सेलमध्ये आधारचा कॉलम ‘हाइड’ करून पाठवतात. पुढचा माणूस दोन क्लिकमध्ये तो उघडतो. फिल्टरचंही तेच. एका गावाचं फिल्टर लावलं तरी बाकी गावांच्या ओळी आतच असतात. लागतील तेवढ्याच ओळी नव्या फाइलमध्ये पेस्ट करा. जिथं पूर्ण आधार लागत नाही तिथं शेवटचे ४ आकडे ठेवा.

मग फाइल, इन्फो, प्रोटेक्ट वर्कबुक, एन्क्रिप्ट विथ पासवर्ड. शेजारचं ‘प्रोटेक्ट शीट’ वेगळं आहे, त्यानं फक्त बदल अडतो, फाइल सगळ्यांना दिसते. इथं लय जण फसतात. पासवर्ड फोनवर सांगा, त्याच मेलमध्ये लिहिला तर कुलपालाच किल्ली बांधली. अन् विसरलात तर एक्सेल तो परत देत नाही.

जीमेलच्या सेटिंगमध्ये ‘अनडू सेंड’ची (पाठवलेला मेल थांबवायची) मुदत ५ सेकंदांवरून ३० वर न्या. पत्ता सगळ्यात शेवटी टाका. दोन अक्षरं टाइप केली की जीमेल जुनं नाव सुचवते, बरेच मेल तिथंच भलतीकडे जातात. गावच्या ग्रुपवर फक्त नाव अन् नोंदणी क्रमांक. खाते क्रमांकाचं तिथं काहीच काम नाही.

शेतकरी_कंपनी_दारव्हा
अन् गेलीच तर? आउटलुकमध्ये ‘रिकॉल’ आहे म्हणतात.

सेवाकेंद्र_मूल
रिकॉल एकाच संस्थेच्या मेल यंत्रणेत चालते. बाहेरच्या जीमेलवर गेलेला मेल परत येत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ सुमारे ६० तास चालते. घाईत ‘डिलीट फॉर मी’ दाबलं तर लगेच खाली दिसणारं ‘अनडू’ दाबा. ते हुकलं की मेसेज सगळ्यांकडे राहतो अन् तुमच्याच हातून सुटतो. मग ग्रुप अ‍ॅडमिनला काढायला लावा. फाइल कुणी आधीच उतरवली असेल तर ती त्याच्या फोनमध्ये राहूनच जाते, म्हणून त्या माणसाला फोन करायचाच. फोननंतर फाइलचं नाव अन् वेळ लिहून नवा मेसेज टाका, ‘काढली, पुढे पाठवली नाही’ असं त्याच्याकडून लेखी घ्या. जुना मेल फॉरवर्ड करून विनंती करू नका, यादी पुन्हा जाते.

वकील_वरूड
शेतकऱ्यांना त्याच दिवशी सांगा. नुसता आधार क्रमांक हाती आला म्हणून अंगठ्याच्या मशीनवर पैसे काढता येत नाहीत, बोटांचे ठसे लागतात. तरी आधारच्या अधिकृत अ‍ॅपवर बायोमेट्रिक लॉक करून द्या अन् रेशन किंवा ई-केवायसीच्या वेळी तात्पुरतं उघडायचं हेही समजावा, नाहीतर दुकानातून माणूस रिकाम्या हातानं परत येतो. आधारची विचारणा १९४७ वर. खात्यातून पैसे गेल्याचं दिसलं तर आधी सायबर हेल्पलाइन १९३०, मग बँक.