एकाच शिक्षण कंपनीत राहून दुबई, मग लंडन: बदली कशी मागावी?

पुणेकर_प्रशिक्षक: आंतरराष्ट्रीय शाळा चालवणाऱ्या कंपनीच्या पुणे ऑफिसात शिक्षक-प्रशिक्षणाचं काम करतो. कंपनी न सोडता दुबई आणि पुढे लंडन गाठायचंय, शिवाय अभ्यासक्रम-रचनेतही शिरायचंय. सुरुवात कुठून करू?

वैदेही_एचआर: देश आणि काम एकदम बदलायला मागू नका. नव्या देशातला मॅनेजर अनोळखी माणसाला नवं काम देत नाही. अभ्यासक्रमाचा एखादा प्रकल्प पुण्यातूनच पूर्ण करा, मग अर्ज.

डेप्युटेशन (इथली नोकरी कायम ठेवून तिकडे काम) की राजीनामा देऊन नवी नेमणूक, हे आधी स्पष्ट करून घ्या. कायम नोकरीत सलग ५ वर्षं व्हायच्या आत राजीनामा दिलात तर ग्रॅच्युइटीवर पाणी सोडावं लागेल. जुनी सेवा धरणार असतील तर तसं नेमणूकपत्रातच हवं.

शारजाकर: दुबईसाठी पदवीचं अटेस्टेशन (पदवी खरी असल्याचे सरकारी शिक्के) आजच सुरू करा. क्रम असा: महाराष्ट्र शासन, दिल्लीचं परराष्ट्र मंत्रालय, यूएई दूतावास, शेवटी यूएईचं परराष्ट्र मंत्रालय. मधली पायरी गाळता येत नाही. शिक्के मूळ पदवीवरच बसतात, त्यामुळे लॅमिनेशन केलेली पदवी हमखास अडकते. पदवीवरचं नाव पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळवून बघा.

टेम्सकाठ: लंडनला कंपन्या बहुधा 'सीनियर ऑर स्पेशालिस्ट वर्कर' (कंपनीअंतर्गत बदलीचा) व्हिसा पुढे करतात. त्यासाठी त्याच कंपनी-समूहात आधी १२ महिने नोकरी लागते (फार मोठ्या पगाराला सूट आहे). पण त्या व्हिसावरून थेट कायम वास्तव्य मिळत नाही! तिथेच राहायचं असेल तर 'स्किल्ड वर्कर' (कुशल कामगारांचा) व्हिसाच मागा. त्याला इंग्रजीची अट आहे, तेवढी तयारी ठेवा.