मदत हवी आहे : बस प्रवाशांचं म्हणणं कसं गोळा करायचं?

नमस्कार मंडळी. सोलापुरातल्या विडी घरकुल भागातल्या शहर बसच्या वेळा आणि थांब्यांबद्दल प्रवाशांचं म्हणणं लेखी मांडायचंय. पहिला अर्ज दिला, पोच मिळाली, पुढे काही नाही. नुसत्या सह्यांच्या कागदाला कुणी विचारत नाही हो. कुठली बस, किती वाजता, कुठल्या थांब्यावर, असं नेमकं लिहिलं तरच वेळापत्रक करणाऱ्याला उपयोग होतो, असं माझं मत.

अडचण अशी की मोबाईलवरचा फॉर्म इथे चालणार नाही. कारखान्यात विड्या द्यायला टोपली घेऊन निघालेल्या बायका तेलुगूत बोलतात, त्यांच्या हाती मराठी फॉर्म देऊन काय होणार? थांब्यावर उभं राहून तोंडी विचारावं म्हणतोय. पण जे कंटाळून शेअर रिक्षाने जायला लागले ते थांब्यावर भेटतच नाहीत, आणि खरं कारण तर त्यांच्याकडेच!

एसटीच्या आगारांत 2024 पासून ‘प्रवासी राजा दिन’ भरतो, विभाग नियंत्रक समोर बसून ऐकतात. शहर बससाठी असं काही मागायचं तर अर्ज महापालिका आयुक्तांना की परिवहन व्यवस्थापकांना? आणि आधीच्या तक्रारींचं काय केलं हे माहिती अधिकारात (शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस) कुणी विचारलंय का? अर्जाचा नमुना असेल तर टाका. तेलुगू बोलणारं कुणी रविवारी सोबत आलं तर फारच बरं, चहा माझ्याकडून.