मुदत संपलेला लिव्ह अँड लायसन्स करार आणि अडकलेला ताबा

प्रश्न

नमस्कार. महाराष्ट्रातील एक सदनिका माझ्या वडिलांच्या नावावर आहे. ती आम्ही एका कुटुंबाला लिव्ह अँड लायसन्सच्या नोंदणीकृत कराराने राहण्यासाठी दिली होती. ११ महिन्यांचा करार दोनदा झाला आणि दुसऱ्याची मुदत संपून आता सात महिने झाले. तिसरा करार करायचे तोंडी ठरले होते, पण आज करू, उद्या करू म्हणता म्हणता ते राहून गेले आणि दरमहा ठरलेली रक्कम मात्र वडिलांच्या खात्यात जमा होत राहिली. वडिलांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्याने त्यांना तळमजल्यावरील या घरात हलवायचे आहे. राहणारे गृहस्थ म्हणतात, "सात महिने भाडे घेतलेत, म्हणजे मी आता भाडेकरू झालो. कोर्टात गेलात तर दहा वर्षे जातील." माझ्या भावाचे मत असे की, ते लोक सुट्टीत गावी गेले की कुलूप बदलावे, तेवढे धाडस होत नसेल तर निदान वीज तरी तोडावी, कारण मीटर वडिलांच्याच नावावर आहे. माझे मन याला तयार होत नाही, पण दुसरा मार्गही दिसत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

पहिले उत्तर (दिवाणी वकिली करणारा सदस्य)

सर्वप्रथम आपल्या बंधूंना थांबवा. आज कायदा आपल्या बाजूने आहे; कुलूप बदलले की त्याच दिवशी तो समोरच्याच्या बाजूला जाईल. ज्याचा ताबा कायदेशीर मार्ग सोडून काढून घेतला गेला, तो विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावून तो ताबा परत मागू शकतो, आणि त्या दाव्यात मालकी कोणाची हा प्रश्न पाहिलाच जात नाही. वीज तोडण्याचेही तसेच आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २९ ने मालकाला पाणी, वीज यांसारख्या अत्यावश्यक सेवा बंद करण्यास मनाई केली असून तसे करणे हा अपराध आहे. मीटर कोणाच्या नावावर आहे, हे तेथे कोणी विचारत नाही.

आता मूळ मुद्दा. आपला करार निवासासाठी दिलेल्या अनुज्ञप्तीचा (म्हणजे लायसन्सचा, जागा वापरण्याच्या केवळ परवानगीचा) आहे, लेखी आहे आणि नोंदलेलाही आहे. त्यामुळे आपल्याला नेहमीच्या भाडेकरूविरुद्ध लावतात तसा दावा लावून वर्षानुवर्षे तारखा मोजत बसण्याचे कारण नाही. याच अधिनियमाच्या कलम २४ प्रमाणे मुदत संपताच अनुज्ञाधारकाने (लायसन्सवर राहणाऱ्याने) ताबा परत द्यायचा असतो आणि तो न दिल्यास मालकाला शासनाने नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. लेखी करारात जे नमूद आहे, ते त्यातील गोष्टींचा निर्णायक पुरावा मानले जाते. "कागदावर लायसन्स असले तरी प्रत्यक्षात मी भाडेकरूच आहे" हा बचाव एरवी खूप लांबवता येतो, पण येथे त्याला फारशी जागा उरत नाही. शिवाय मुदतीनंतर ताबा सोडेपर्यंतच्या काळासाठी अनुज्ञाशुल्काच्या (लायसन्सच्या ठरलेल्या रकमेच्या) दुप्पट दराने नुकसानभरपाई देण्याची जबाबदारी त्यांच्यावर येते. ही गोष्ट नोटिशीत स्पष्ट लिहिली की पुष्कळ लोक बोलणीला तयार होतात, असा माझा अनुभव आहे.

सात महिने घेतलेल्या रकमेने नवा हक्क आपोआप निर्माण होत नाही, पण वाद घालायला निमित्त मात्र मिळते. म्हणून आजच एक पत्र पाठवा. करार अमुक तारखेला संपला आहे, त्यानंतर आलेली व यापुढे येणारी रक्कम केवळ जागेच्या वापराची भरपाई म्हणून, आपले सर्व हक्क राखून स्वीकारली जात आहे, आणि अमुक तारखेपर्यंत ताबा द्यावा, एवढेच त्यात असू द्या. भाषा कोरडी ठेवा. रागाच्या भरात केलेले मोबाईलवरील संदेश पुढे प्रतिपक्षाच्या अर्जाला जोडलेले मी अनेकदा पाहिले आहेत. पत्र पोच मिळेल अशा टपालाने पाठवा आणि पाकीट "घेण्यास नकार" असा शेरा होऊन परत आले तर ते मुळीच फोडू नका. बंद पाकीट, त्यावरील शेरा आणि टपालाचा शिक्का यांची गरज अर्जाच्या वेळी लागते.

दुसरे उत्तर (एकेकाळी अनुज्ञाधारक असलेली सदस्या)

वरील उत्तर बरोबर आहे, पण हा धागा वाचणाऱ्यांत राहणारेही असतील, म्हणून त्यांच्या बाजूने थोडे लिहिते. आमच्यावरही असाच अर्ज झाला होता. समन्स आले तेव्हा आम्हाला वाटले की तारखेला जाऊ, अनामत रक्कम परत मिळत नसल्याचे सांगू आणि साहेब ऐकून घेतील. समन्सच्या दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेले वाचलेच नाही. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ४३ नुसार समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत प्रतिज्ञापत्र दाखल करून अर्जाला विरोध करण्याची परवानगी मागावी लागते. ती मागितली नाही तर मालकाचे म्हणणे मान्य आहे असे धरून ताब्याचा आदेश होतो. आम्ही गेलो तेव्हा ३४ वा दिवस होता. अनामत रकमेचा वाद खरा होता, पण तो मांडायला आमच्याकडे दारच उरले नव्हते.

वकिलाची फी परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ खाली स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग व्यक्ती, औद्योगिक कामगार आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असणारे यांना मोफत वकील मिळतो. स्त्रियांना तर उत्पन्नाची अटही नाही, हे मला फार उशिरा कळले. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, तालुक्याला समिती असते आणि १५१०० हा मदत क्रमांक आहे. मालकालाही या अटींत बसल्यास ही मदत मिळते; ती केवळ राहणाऱ्यांसाठी नाही.

तिसरे उत्तर

माझा प्रश्न जरा वेगळा आहे, पण येथेच विचारतो. आमच्या आजोबांनी दिलेले दुकान आहे, भाडेकरू जुना आहे, कागद म्हणजे फक्त भाडेपावत्या. दोन वर्षांपासून भाडे आलेले नाही आणि दुकान बहुतेक वेळ बंदच असते. आम्हालाही कलम २४ लागू होईल का?

पहिल्या वकील सदस्याचे उत्तर

नाही. कलम २४ फक्त निवासी अनुज्ञप्तीसाठी आहे. आपले प्रकरण सरळ भाडेकरूचे असल्याने आपल्याला दावाच लावावा लागेल. मुंबईत तो लघुवाद न्यायालयात (स्मॉल कॉजेस कोर्टात) चालतो, इतरत्र जेथे लघुवाद न्यायालय असेल तेथे त्यात, नसेल तेथे दिवाणी न्यायाधीशांसमोर.

थकबाकीच्या कारणावर घाई करू नका. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम १५ प्रमाणे आधी थकीत भाड्याची लेखी मागणी करणारी नोटीस द्यावी लागते आणि ती बजावल्यापासून ९० दिवस गेल्याशिवाय दावा लावता येत नाही. ८० व्या दिवशी लावलेले दावे केवळ त्या एका कारणाने अडकतात. त्यानंतरही, समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूने सारी थकबाकी १५ टक्के सरळव्याजासह आणि खर्चासह न्यायालयात भरली व पुढील भाडे भरत राहिला, तर त्या कारणावर हुकूमनामा (जागा सोडण्याचा न्यायालयाचा आदेश) होत नाही. म्हणजे निव्वळ थकबाकीवर उभा केलेला दावा भाडेकरूने पैसे भरताच ढासळू शकतो.

आपले बळकट कारण दुसरे आहे. दावा लावण्याच्या लगत आधी सलग सहा महिने जागा योग्य कारणाशिवाय ज्या कामासाठी दिली त्यासाठी वापरलीच नसेल, तर कलम १६ खाली ते स्वतंत्र कारण ठरते, आणि पैसे भरून ते पुसता येत नाही. वीजबिलांवरील नगण्य युनिट आणि शेजारच्या दुकानदारांच्या साक्षी येथे उपयोगी पडतात. "आम्हालाच जागा हवी आहे" असेही म्हणता येते, मात्र तेथे न्यायालय गरज प्रामाणिक आहे का, आणि हुकूमनामा दिल्याने जास्त हालअपेष्टा कोणाच्या होतील, ही तुलना करते. ताबा मिळाल्यावर वर्षाच्या आत जागा दुसऱ्याला भाड्याने दिली तर मूळ भाडेकरू ती परत मागू शकतो; त्यामुळे गरज खरी असेल तरच हे कारण घ्या.

मूळ प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे आभार. भावाला कलम ६ आणि कलम २९ वाचून दाखवले. तो गप्प बसला. पत्र पाठवून पोच मिळाली आणि दोनच दिवसांनी त्या गृहस्थांचा फोन आला की मुलांची परीक्षा संपेपर्यंत सहा आठवडे द्या, लेखी देतो. वडील द्यावेत म्हणतात. मुदत दिली तर आमचे काही बिघडेल का?

पहिल्या वकील सदस्याचे उत्तर

मुदत जरूर द्या, पण नवा करार करू नका आणि "मुदतवाढ" हा शब्दही वापरू नका. करार संपल्याचे मान्य करून अमुक तारखेला ताबा देण्याचे त्यांचे हमीपत्र घ्या, आणि अर्जाचा मसुदा या काळात तयार ठेवा. चावी घेताना दोघांच्या सह्यांची ताबापावती करा, तीत वीजमीटरचे त्या दिवशीचे रीडिंग लिहा आणि अनामत रकमेतून काय कापले ते आकड्यांत नोंदवून उरलेली रक्कम त्याच वेळी बँकेतून द्या. वडील स्वतः येऊ शकत नसतील तर त्यांचे मुखत्यारपत्र आपल्या नावे आताच करून ठेवा. मात्र पुढे अर्ज करावाच लागला, तर वडिलांच्या स्वतःच्या माहितीतील गोष्टींचे प्रतिज्ञापत्र त्यांनीच केलेले बरे, कारण मुखत्यार त्यांच्याऐवजी त्या गोष्टींची साक्ष देऊ शकत नाही.