सदाफुली, आजीचा बटवा आणि उंदरांवरची उधळपट्टी

काळा_चहा: "हजारो झाडांचे अर्क उंदरांना टोचत बसण्यापेक्षा आजीला विचारा, सगळं आधीच माहीत होतं" अशी पोस्ट काल पडली आणि वर चाळीस बदाम. डोकंच फिरलं. सदाफुली घ्या ना. लोक ती मधुमेहावर खायचे, जमैकात पण. १९५०च्या दशकात कॅनडात नोबल आणि बीअर या शास्त्रज्ञांनी तेच तपासायला अर्क उंदरांना दिला, तोंडाने दिला तर साखर ढिम्म हलली नाही, टोचला तर पांढऱ्या पेशी धडाधड उतरून उंदीर इन्फेक्शनने मेले. पेशी पाडणाऱ्या त्याच गुणातून कॅन्सरवरचं व्हिनब्लास्टिन निघालं, पुढे ल्युकेमियावरचं, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरवरचं, विंक्रिस्टीन. हे कुठल्या आजीला माहीत होतं?

घाटावरची: पण सदाफुलीच का उचलली? लोक खात होते म्हणूनच ना! आणि मलेरियावरचं आर्टेमिसिनिन? चीनच्या शास्त्रज्ञ तू यूयू बाईंना नीट गुण मिळेना, मग सोळाशे वर्षं जुन्या पोथीत "पाण्यात भिजवून पिळा" वाचलं, उकळायचं सोडून कमी तापमानाला ईथरने अर्क काढला. २०१५ला नोबेल. पोथीच ती.

काळा_चहा: दोनशेक वनस्पतींचे ३८० अर्क तपासले होते त्यांनी, ते सोयीस्कर विसरलात.

सह्याद्री_भटक्या: तुमचं आजी-उंदीर चालू द्या, सह्याद्रीतल्या नरक्या झाडाचं काय? वॉल आणि वाणी या शास्त्रज्ञांनी १९६६ला चिनी झाडातून कॅन्सरवर चालणारं कॅम्प्टोथेसिन काढलं, १९७२ला ते आपल्या नरक्यात सापडलं आणि रानाची वाट लागली. मी शाळेत होतो तेव्हा रात्री टेम्पो यायचा, सकाळी बघावं तर झाड नाही, नुसता खड्डा, मुळंसुद्धा उकरून नेलेली. तोडणारी पोरं आमच्याच वाडीतली, हातात चहापाण्याचे पैसे.

घाटावरची: हेच म्हणतेय! शोध यांचा, खड्डा आपला.

काळा_चहा: टेम्पो मी भरला का?? आईला आतड्याच्या कॅन्सरला इरिनोटेकन दिलं, त्याच कॅम्प्टोथेसिनपासून बनतं. सहा महिने ठिबकणारी सलाईन बघत बसलोय मी. जपून बोला.

सह्याद्री_भटक्या: काकूंचं वाचून वाईट वाटलं. पण औषध नको असं कोण म्हणालं? आधी लावा, मग तोडा. हे दहा वर्षं प्रत्येक धाग्यावर लिहितोय, एक माणूस उत्तर देत नाही.

रिटायर्ड_केमिस्ट: बत्तीस वर्षं अर्क काढले म्हणून बोलतो. आमच्याकडे ब्राह्मी लिहिलेलं पोतं यायचं, उघडलं की मंडूकपर्णी, वेगळीच वनस्पती, पण लोक तिलाही ब्राह्मीच म्हणतात. एकदा तीन महिन्यांचं काम असं गटारात गेलं. आजी बरोबरच असेल हो, पण कुठल्या पानाबद्दल बरोबर?

घाटावरची: बरं बाबा, आजीला ल्युकेमिया ठाऊक नव्हता, झालं समाधान? ब्राह्मीवर मात्र बोलू नका, आमच्या परसात आजीच्या हातची आहे. गोल पान, कडेला बारीक दाते.

रिटायर्ड_केमिस्ट: मंडूकपर्णी.

घाटावरची: काका तुम्ही गप्प बसा.